नासलेलं बदक

स्वयंपाकी पुष्करनने फ्रिजचं दार उघडलं आणि नाकाला पंचा लावून लगेच मिटलं. आतला दिवा लागला होता, पण गारव्याचा पत्ता नव्हता. सुटलेला भपकारा हाउसबोटीच्या स्वयंपाकघरात घुटमळत राहिला.

“सत्या, आधी इकडे ये!”

सत्यन बोट चालवायचा, यंत्रांचं दुखणंखुपणंही तोच बघायचा. पुष्करनला तो थोरल्या भावासारखा ‘चेट्टा’ म्हणायचा. उंबऱ्यावरच त्याला उमासा आला.

“चेट्टा, कोण मेलंय आत?”

“बदक मेलंय. कालच मेलंय. आज परत एकदा मेलंय.”

खालच्या कप्प्यात गुलाबी पाणी साचलं होतं. कोळंबीचं पार पिठलं झालं होतं. बदकाला हात लावला तर बोटाला तार आली. पुष्करनने बोट साबणाने धुतलं, हुंगलं, पुन्हा धुतलं.

सत्यनने बॅटऱ्या तपासल्या. त्या भरलेल्या होत्या. प्लगमध्ये वीज येत होती. शेवटी दोघांनी फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे झुरळांची वसाहत होती. कॉम्प्रेसरला चिकटलेली छोटी डबी सत्यनने उघडली. आत भाजून काळी पडलेली पाल चिमटीत सापडल्यासारखी अडकली होती.

“हिच्यामुळे,” असं म्हणत त्याने पाल स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली. तिचं शेपूट मात्र आतच राहिलं, ते नखाने काढावं लागलं. डबी पुसून पुन्हा बसवली, तसा फ्रिज थरथरला आणि घुमायला लागला.

एवढ्यात काठावरून बोटीचा मालक, सगळ्यांचा ‘मुदलाळी’ जोप्पच्चन आत आला. कमरेला पांढरंशुभ्र मुंडू, अंगाला अत्तराचा वास. फ्रिज चालू बघून तो खूश झाला.

“मग झालं तर! दुपारी कोट्टयमचे मास्तर बायकोला घेऊन येतायत. बदकाचं रोस्ट खास सांगितलंय त्यांनी.”

“मुदलाळी, बदक नासलंय.”

“लिंबू चोळ, व्हिनेगरने धू. मिरी जरा हात सोडून घाल. पुष्करा, तुझ्या हातचा मसाला लागला की कुणाला काय कळणार?”

“मला कळेल ना.”

“तुला कुठे खायचंय?” जोप्पच्चन हसला आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

तासाभराने पुष्करनने पुन्हा दार उघडलं. गारव्याने वास दबला होता. बदक घट्ट झालं होतं, वरून अगदी साजरं दिसत होतं. त्याने नाक जवळ नेलं. फारसं काही आलं नाही. क्षणभर त्याला बरं वाटलं. मिरी किती घ्यावी याचा हिशोबही मनात सुरू झाला. मग स्वतःचंच तोंड त्याला कडू लागलं.

त्याने बदक आणि कोळंबी गोणपाटात भरली, फावडं घेतलं.

“मालक नोकरीवरून काढेल, चेट्टा,” सत्यन म्हणाला.

“काढू दे.”

“मग एकटाच कशाला राबतोस? आण, खड्डा मी खणतो.”

काठावरच्या माडाखाली दोघांनी ते पुरलं.

दुपारी मास्तर काठीच्या आधाराने बोटीत चढले. मागून त्यांच्या बायकोचा, अन्नम्मा टीचरचा, हात धरून जोप्पच्चन आला. पानात भात, सांबार, कच्च्या केळ्याची भाजी.

“आणि बदक?” मास्तरांनी विचारलं.

जोप्पच्चनची नजर पुष्करनवर खिळली.

“रात्री फ्रिज बंद पडला, सर. बदक नासलं. मी पुरून टाकलं.”

पाण्यातून एक होडी गेली, तिच्या लाटेने भांडी किणकिणली. आता शिव्या पडणार म्हणून पुष्करन ताठ उभा राहिला. ती तयारी त्याने सकाळीच केली होती.

जोप्पच्चन उठला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “मीच सांगितलं याला. म्हटलं, नुकसान झालं तरी चालेल, पाहुण्यांच्या पानात शिळं पडता कामा नये.”

मास्तरांनी मान डोलावली. “पुढच्या महिन्यात मुलाकडचे येणार आहेत. तुमचीच बोट ठरवू.”

तो दमट, ऊबदार हात खांद्यावरून निघेना. अत्तराचा वास पुष्करनच्या मानेपर्यंत आला.

“असा मालक मिळायला नशीब लागतं हो,” अन्नम्मा टीचर त्याच्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या.

पुष्करनने खाली वाकून सांबाराचं भांडं उचललं. खांदा मोकळा झाला.

“अजून वाढू, टीचर?”