रूथ नावाचा हरवलेला शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. या वयात चिडू नये म्हणतात. पण ऐका तर खरं!

श्रीधर सरांनी मला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलं, तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पुढं तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इंग्रजीच्या क्लासात राबलो. विदर्भातून आलेली पोरं माझ्यावर तुटून पडायची. सरांचा दंडकच होता, अर्थ पाठ करण्याआधी शब्द कुठून आला ते बघायचं. मग घरोघरी संगणक आले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. कुणी ढुंकूनही बघेना.

गेल्या रविवारी नम्रता आली. वर्ध्याची, सरांची जुनी विद्यार्थिनी, आता हिंजवडीतल्या आयटी कंपनीत टीम लीड. हातात पेढे.

"सर, मंदी आहे ना, टीममधला एक माणूस कमी करायचा होता जी. मी लगेच रतनचं नाव दिलं. आईच्या ऑपरेशनसाठी सारखा रजा मागतो. बॉस सगळ्यांसमोर म्हणाले, नम्रता एकदम रूथलेस आहे! उद्या यादी वर जाईल."

त्या ऑफिसात या शब्दावर टाळ्या पडतात. पोरीला वाटलं, शाबासकीच!

"पेढे असू देत," सर म्हणाले. "कोश काढ."

तिनं माझ्यावरची धूळ फुंकली. सरांची पेन्सिलीतली टीप मोठ्यानं वाचली. "रू म्हणजे हळहळणे. त्यावरून रूथ, म्हणजे करुणा. रूथलेस, ज्याला करुणा नाही तो. रूथ आता कुणी वापरत नाही. रूथलेस जोरात चालतो."

अरे, संताप येतो! करुणा टाकलीत अडगळीत, आणि ती नाही म्हणून पेढे वाटता? लाज कशी वाटत नाही?

नम्रताचा चेहरा उतरला. "सर, त्याची आई अजून दवाखान्यातच आहे."

"मग मला काय सांगतेस? तुझ्या साहेबाला सांग."

तिनं तिथूनच बॉसला फोन लावला. "रतनचं नाव काढा. नाही, दुसरं देणार नाही. हवंच असेल तर माझं लिहा."

पलीकडून बराच आरडाओरडा झाला. तिनं फोन ठेवला, तेव्हा कुठं सरांनी पेढा उचलला.

मित्रांनो, मला नुसतं कव्हर घालून जपू नका. उघडा, वापरा. रूथला कुणी मारलं नव्हतं हो. कुणी वापरलंच नाही, म्हणून तो गेला.