शाळेतलं वय

वसंतराव नांदेडहून आठवड्यातून एकदा लातूरला येत, आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या, डॉक्टर श्रीनाथच्या दवाखान्यात बसायला. वाकडे दात सरळ करण्यात आयुष्य गेलेला हा माणूस; पण अजूनही मत सांगण्याआधी घसा खाकरून घेई आणि समोरच्याने भुवई जरा वर केली की ते मत परत घेई.

त्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर किल्लारीच्या गीतांजलीच्या डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे होता. पोरीचे वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. श्रीनाथच्या नव्या सॉफ्टवेअरने सगळं मोजून, चौदा वर्षांच्या मुलींच्या सरासरीशी ताडून निकाल दिला होता: जबडा आखूड, वाढ जवळपास संपलेली, वरच्या दोन लहान दाढा काढून पुढचे दात मागे घ्यावेत. त्या दाढा आजच निघणार होत्या. दोन्ही चांगल्या, कीड न लागलेल्या.

"ही सरासरी कुणाच्या चेहऱ्यांची रे?" वसंतरावांनी हळूच विचारलं. "गोऱ्या पोरींच्या मापाने आपल्या पोरी..."

"सर, मी भारतीय मुलींचेच आकडे लावलेत."

"असं होय. मग ठीक."

तरी त्यांची नजर एक्स-रेतल्या मानेच्या मणक्यांवर अडकली. "मणके मला जरा कोवळे वाटतात. अजून वाढायची असेल का ही?"

श्रीनाथ हसला. "सर, चष्मा बदलायचा राहिलाच का?"

राहिला होता खरा. वसंतराव वरमले आणि बाहेर जाऊन बसले. आत मशीन, बाहेर आपण. आता हेच बरं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण दोन चांगल्या दाढा काही डोक्यातून जाईनात.

बाकावर गीतांजलीची आई कावेरीबाई आणि मोठी बहीण दीपाली होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी दीपालीला विचारलं, "कितवीत गं?"

"नववीत. गीता बी माझ्याच वर्गात हाय."

"जुळ्या का तुम्ही?"

"जुळ्या कुठल्या, डाक्टरसाहेब," कावेरीबाई म्हणाल्या. "ही दोन वर्षांनी थोरली. गीता लई रडायची हिच्यामागं. गुरुजी म्हनले, घाला दोघींला संगंच. मग त्यांनीच वय वाढवून लिवलं. ती मोठी गारपीट झाली न्हाई का, पत्र्यावर गारा वाजायल्या अन् मी गीताला घेऊन बाळंतिणीच्या खाटंवर."

ती गारपीट वसंतरावांना पक्की आठवत होती. दोन हजार चौदा, बारा वर्षं झाली त्याला. म्हणजे पोर बारा वर्षांची.

ते उठले. आत श्रीनाथने भुलीचं इंजेक्शन भरून हातात घेतलं होतं आणि गीतांजली डोळे मिटून खुर्चीत पडली होती.

"थांब जरा," वसंतराव म्हणाले. श्रीनाथची भुवई वर गेली. वसंतरावांनी घसा खाकरला, पण मत परत घेतलं नाही. "तू घातलेलं हिचं शाळेतलं वय खोटं आहे. बारा टाकून बघ."

श्रीनाथने बारा टाकलं. पडद्यावरचा निकाल बदलला: वाढ शिल्लक, आधी जबडा पुढे आणणारी प्लेट द्यावी, दाढांचा विचार नंतर. त्याने सुई झाकून ठेवली.

"मनगटाचा एक्स-रे काढून वाढीची खात्री करतो. दाढांना हात लावत नाही आज." मग पडद्यावरच्या मानेकडे बोट करून म्हणाला, "सर, मणके कोवळेच होते."

"असतील. पण मीही भलत्याच मुद्द्यावर तुझ्याशी भांडत बसलो होतो. तुझं मशीन चुकलं नव्हतं, त्याला आपणच खोटं सांगितलं होतं."

दारात कावेरीबाई घाबरून उभ्या होत्या. "शाळंत सांगनार न्हाईत ना, साहेब? गुरुजी रिटायर झाल्यात."

"नाही हो बाई," वसंतराव म्हणाले. "आम्ही फक्त दातांचं बघतो."

गीतांजलीने एक डोळा उघडला. "म्हंजे आज काढनार न्हाईत?"

"नाही," श्रीनाथ म्हणाला. "बहुतेक कधीच नाही."

ती टुणकन खाली उतरली. वसंतरावांना आता बसायचं होतं. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, म्हणून ते तिच्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.