आजींची एंट्री पकडणारा टीव्ही ट्यूनर

तळहातापेक्षा जरा मोठी हिरवी पाटी, तिच्यावर पत्र्याची चपटी डबी आणि अँटेनाची तार खोचायला एक गोल तोंड. मित्रांनो, हा असा मी. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेले नसेल. मी एक जुना टीव्ही ट्यूनर आहे. संगणकाच्या पोटात बसायचे, हवेतून येणारे कार्यक्रम पकडायचे, ते पडद्यावर दाखवायचे आणि कोणी सांगितले तर साठवून ठेवायचे, हे माझे काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चिमट्याने बारीक बारीक भाग उचलणाऱ्या बायकांच्या लांबच लांब रांगेतून मी पुढे सरकत गेलो. शेवटच्या बाईने मला तपासले, पडद्यावर रंगीत पट्टे नीट उमटलेले पाहिले आणि माझ्यावर एक गोल कागद चिकटवला. मग मला खोक्यात घातले. खोक्यावर संगणकासमोर बसून हसणाऱ्या कुटुंबाचे चित्र होते. ते कुटुंब मला कधी भेटले नाही. मला भेटल्या बू विजी, म्हणजे विजीबाई, आणि ते फार बरे झाले.

बू विजींचे इंडोनेशियात, जावा बेटावरच्या क्लातेन गावात, कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचे दुकान होते. चार संगणक, एक प्रिंटर, दाराशी केळीचे झाड. मुले-मुली प्रबंध टाइप करायला तिथे येत. विजींचा नवरा तेजो साखर कारखान्यात फिटर होता. त्याला बॅडमिंटनचे वेड. सामना असला की तो शेजाऱ्यांच्या दारात टीव्हीसमोर उभा राही. विजींना ते आवडत नसे. एके दिवशी त्यांनी मला आणले, स्वतःच स्क्रू काढून कोपऱ्यातल्या संगणकात बसवले आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, आता दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहायचं नाही. इथे बसून बघायचं."

"यात टीव्ही दिसेल? यात तर तू परीक्षेचे पेपर टाइप करतेस."

"बसा तर खरे."

मी बांबूला बांधलेल्या अँटेनातून वाहिनी पकडली आणि शटलकॉक पडद्यावर उडू लागले. तेजो खुर्चीवरून हललाच नाही. पुढे त्याला कळले की मी सामना साठवूनही ठेवतो. मग तर तो एकच स्मॅश दहा दहा वेळा मागेपुढे करून बघू लागला. टाइप करायला आलेली मुलेही माना वळवून बघत आणि प्रबंधात चुका करत. मित्रांनो, तो काळ माझ्या कौतुकाचा होता. मी संगणकाच्या पोटात गरम होत असे, पण ती ऊब मला आवडत असे.

एका सकाळी म्बाह लासियेम दुकानात आल्या. म्बाह म्हणजे आजी. त्या केतोप्राक करणाऱ्या मंडळीतल्या होत्या. राजे, राण्या, लढाया आणि मधेमधे थट्टामस्करी असे ते नाटक. आजी पन्नास वर्षे त्यात राणीच्या दासीचे काम करत. त्यांनी गेतुकचा, म्हणजे कंदाच्या गोड वड्यांचा, पुडा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"पोरी, तुझ्या डब्यात टीव्ही पकडून ठेवता येतो म्हणे?"

"येतो की, म्बाह. काय पकडायचंय?"

"मला."

येत्या रविवारी दुपारी दोन वाजता सोलो शहरातली एक वाहिनी त्यांचे नाटक थेट दाखवणार होती. एकदाच. नंतर ते जपून ठेवले जाणार नव्हते. आजी त्या वेळी रंगमंचावर असणार, मग त्यांना ते दिसणार कसे?

"तुमचं चित्रण पूर्वी कोणी केलं नाही?" विजींनी विचारले.

"एकदा लग्नातल्या व्हिडिओवाल्याने केलं होतं. सगळं राजाराणीचं. मी कोपऱ्यात, अर्धी कापलेली. माझ्या हातातला पंखा तेवढा दिसत होता." आजी पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी आत आले की लोक हसतात, विजी. अजून तोंड उघडलेलं नसतं, तरी हसतात. पन्नास वर्षं झाली. काय बघून हसतात ते मला एकदा बघायचंय."

विजींनी लगेच हो म्हटले. मी मात्र घाबरलो. कारण संगणकाची डिस्क काठोकाठ भरलेली होती. मुलांच्या प्रबंधांना हात लावता येत नव्हता. राहिले होते तेजोचे सामने. तीन अंतिम सामने, जिवापाड जपलेले. शनिवारी संध्याकाळी विजी त्याच्याशी बोलायला आल्या आणि नुसता सरबताचा पेला पुढे केला. तेजोने त्यांच्याकडे पाहिले.

"जागा नाही ना?"

"नाही."

"मग तसं सांग की. सरबत का पुढे करतेस?" त्याने माउस हातात घेतला. पहिला सामना पुसला. दुसरा पुसला. तिसऱ्यापाशी थोडा थांबला. "या सगळ्यांचा निकाल मला पाठ आहे," तो म्हणाला. "म्हातारीचा निकाल अजून लागायचाय." आणि त्याने तिसराही पुसला.

रविवार उजाडला. विजींनी आदल्या दिवशी माझ्या अंगावरची धूळ ब्रशने झटकली होती, त्यामुळे मी ताजातवाना होतो. पण वारा सुटला आणि बांबू डुलू लागला. चित्रात मुंग्याच मुंग्या. तेजो शिडी लावून कौलांवर चढला.

"डावीकडे," विजी खिडकीतून सांगत होत्या. "थोडं अजून. तुमच्या डावीकडे हो. बास. आता हलू नका."

"किती वेळ?"

"दीड तास."

तेजोने बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरला. तो स्थिर झाला आणि चित्र स्वच्छ झाले. दोन वाजता मी साठवायला सुरुवात केली. पडदा वर गेला, वादक बसलेले दिसले, हात हलले, आणि आवाजच नाही.

मित्रांनो, टीव्हीचा आवाज माझ्याकडून एका छोट्या तारेने शेजारच्या, आवाजाच्या पाटीकडे जात असे. धूळ झटकताना ती तार निसटली होती. मला ते कळत होते, पण मला बोलता कुठे येते? विजींनी आवाजाची सगळी बटणे फिरवून पाहिली, स्पीकर हलवून पाहिले. मिनिटे जात होती. मग त्यांना कालचा ब्रश आठवला. संगणक बंद करून उघडावा, तर साठवणे थांबणार. आजींचा प्रवेश तर केव्हाही आला असता. विजींनी पायातल्या चपला काढून रबराची चटई ओढली, तिच्यावर उभ्या राहिल्या आणि चालू संगणकाचे झाकण उघडले. पंखा गरगरत होता. त्यांनी दोन बोटे त्याच्या शेजारून आत घातली. मी श्वास रोखून धरावा तसा स्तब्ध राहिलो. टक्. तार बसली आणि ढोलक्यांचा आवाज दुकानभर पसरला.

विजी खाली बसल्या. सहा मिनिटे मुकी गेली होती. पण आजी अजून यायच्या होत्या.

उरलेल्या नाटकातला एक क्षणही मी चुकवला नाही. तेजो खाली उतरला तेव्हा त्याची मान पाठीमागून लालबुंद झाली होती. "कसं झालं नाटक?" त्याने विचारले. "मला फक्त शेजारणीचं वाळवण दिसत होतं."

मंगळवारी दुपारी सगळी मंडळी दुकानात आली. चौदा जण. टाइप करणारी मुले खुर्च्या सोडून भिंतीला टेकून उभी राहिली. तळलेल्या तेम्पेची, म्हणजे सोयाबीनच्या कापांची, परात फिरू लागली. विजींनी ओशाळून सांगितले, "सुरुवातीला आवाज नाही. माझी चूक झाली."

पडद्यावर वादकांचे हात मुक्यानेच हलू लागले. मग ढोलकेवाले सार्नो पुढे सरकले आणि पडद्यावरच्या आपल्याच हातांकडे बघत टेबलावर ठेका धरला. कोणी तोंडाने घंटा वाजवली, कोणी 'गोंऽऽग' म्हणून गाल फुगवला, गाणारी बाई गाऊ लागली. अख्खा वाद्यमेळ त्या दुकानात तोंडाने आणि बोटांनी उभा राहिला. सहा मिनिटे संपून माझा आवाज सुरू झाला, तेव्हा एक जण म्हणाला, "बंद करा तो. आपलाच बरा होता." एवढे हसणे त्या दुकानाने कधी ऐकले नव्हते. माझ्या चुकलेल्या सहा मिनिटांची मला लाज वाटत होती. ती तिथेच गेली.

मग आजींचा प्रवेश आला. राणी पुढे, मागे पंखा घेतलेली दासी. दासी चार पावले चालली, थांबली, आणि पडद्यावरचे प्रेक्षक हसले. दुकानातले सगळे आजींकडे बघू लागले.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

विजींनी परत लावले. आजी पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी आजींचे खांदे हलू लागले. विजींना वाटले, रडतात की काय. पण आजी हसत होत्या.

"अगं, ही भवानी राणीपेक्षा रुबाबात चालते. पंखा हिच्या हातात, आणि ऐट बघ, जसं राज्य हिचंच! राणी थांबली की हिला राग येतो. बघ, बघ, राणीला कशी वरपासून खालपर्यंत बघते."

"हो ना, म्बाह. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी चालते गं नुसती. मला काय माहीत?" आजींनी डोळे पुसले. "मला वाटायचं, माझ्या दातांना हसतात. पुढे आलेत ना. म्हणून तर मी पंखा नेहमी तोंडापाशी धरायचे."

मग राणीचे काम करणारी बाई म्हणाली, "म्हणजे पन्नास वर्षं तू माझ्याकडे असं बघत होतीस? आणि मी पुढे बघून संवाद म्हणतेय." पुन्हा हसण्याचा कल्लोळ झाला, आणि या वेळी सगळ्यांत मोठा आवाज आजींचा होता. हात तोंडापाशी न नेता त्या हसत होत्या.

पुढच्या प्रयोगापासून आजींनी पंखा कमरेशी धरला, असे सार्नोंनी विजींना येऊन सांगितले.

त्यानंतर मी पुष्कळ काही टिपले. सामने, पाककृती, मुलांची गाणी. पण काळ बदलतो, मित्रांनो. नवे संगणक आले, त्यांच्या पोटात माझ्यासाठी खाच नव्हती. मग हवेतून प्रसारण करण्याची जुनी पद्धतच बंद झाली. एका दुपारी विजींनी मला शेवटचे चालू केले. सगळ्या वाहिन्यांवर नुसत्या मुंग्या. त्यांनी मला काढले, पुसले आणि बिस्किटांच्या डब्यात स्क्रूंच्या शेजारी ठेवले. कित्येक वर्षे झाकण उघडले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण माझे काम मात्र डब्यात पडले नाही. विजींनी त्या नाटकाची प्रत दरवेळी नव्या डिस्कवर काढली. जुनी खराब व्हायची वाट पाहिली नाही. आजी आता नाहीत. मंडळीत दासीचे काम करायला सीताक नावाची मुलगी आली आहे. ती दुकानात येऊन तो प्रवेश बघते. परवा तर मी डब्यातूनच ऐकले. सीताक विजींना म्हणत होती, "मी त्यांच्यासारखी चालणार नाही. पण राणीकडे बघायचं कसं, ते मी त्यांच्याकडूनच घेणार."

तर मित्रांनो, माझी तुम्हांला एवढीच विनंती. तुमच्या खिशात आज माझ्यापेक्षा शंभरपट हुशार यंत्र आहे. तुमच्याही घरात, गल्लीत कोणीतरी असे असेल, ज्याला सगळे बघतात, पण ज्याने स्वतःला कधी पाहिले नाही. त्याला टिपून ठेवा. त्याची प्रत काढून ठेवा. आणि ते जगाला दाखवण्याआधी, त्या माणसाला खुर्ची देऊन समोर बसवा आणि दाखवा. त्याने 'परत लाव' म्हटले, तर कंटाळू नका.