उन्हाच्या बंबाला चांदीचा रंग

मी एक जुना बंब आहे, मित्रांनो. पण मला ना लाकूड लागतं, ना कोळसा. मी उन्हावर पाणी तापवतो. सध्या नागपुरातल्या एका कॉलेजच्या स्टोअरमध्ये, मोडक्या बाकांखाली पडून आहे. अंगावर पालींनी अंडी घातली आहेत. त्यांची मला किळस येत नाही. ज्यांनी मला इथे टाकलं, त्यांची येते.

माझा जन्म १९७९ सालचा. मधुसूदन सर त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांनी एक उथळ लाकडी पेटी घेतली, तळाशी धानाचा कोंडा दाबून भरला, त्यावर नळ्या जोडलेला लोखंडी पत्रा ठेवला, पत्र्याला काळाकुट्ट रंग दिला आणि वरून काच बसवली. बाजूला उंचावर एक टाकी. काळा रंग ऊन पितो आणि काच ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. माझी सगळी विद्या एवढीच. मार्चमधल्या एका दुपारी सरांनी टाकीत थर्मामीटर बुडवला. अडुसष्ट अंश! भर उन्हात, कॉलेजच्या गच्चीवर, ते एकटेच टाळ्या वाजवत राहिले. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण त्यांच्या जमेच्या बाजूला मला एवढंच लिहिता येतं.

मग सरांनी मला उमरेडला नेलं. तिथे विणकरांच्या आळीत जिजाबाई सूत रंगवायच्या. रंगाला कडक गरम पाणी लागतं, म्हणून त्यांची लाकडाची भट्टी पहाटेच पेटायची आणि त्या दिवसभर खोकायच्या. मला पाहून त्या पोट धरून हसल्या.

"सर, ह्या पेटीवर पापड वाळू घालू का मी?"

दुपारी त्यांनी माझ्या टाकीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. "माय वं! चटका बसला नं मले!"

दोन महिने मी त्यांच्या अंगणात राबलो. जिजाबाईंनी आपली भट्टी मोडली, त्या जागी सूत वाळवायच्या दांड्या उभ्या केल्या आणि आळीतल्या चाळीस घरांत जाऊन सांगितलं, "घ्या वं बायांनो, मी पाहून राहिली रोज. माझ्या शब्दावर घ्या." चाळीसही घरांनी होकार दिला. उमरेडच्या आळीत एका बाईच्या शब्दावर चाळीस चुली हलणं ही काय चीज असते, ते तुम्हाला मोठे झाल्यावर कळेल.

कॉलेजातले शोध कारखान्यात जावेत आणि तिथून लोकांच्या घरी पोचावेत, यासाठी एक समिती होती. भैयाजी तिचे चिटणीस. एक बडे सरकारी साहेब पाहुणे म्हणून येऊन मला पाहणार, पसंत करणार, मग माझ्यासारखे चाळीस बंब तयार होणार, असं ठरलं. मला परत कॉलेजात आणलं. आदल्या दिवशी भैयाजी माझ्याभोवती फिरले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"काय सर, हे काळंभोर? उद्या साहेब येऊन राहिले. काळ्या पत्र्यावर हार चढवते का कोणी? अपशकुन दिसते."

"काळा आहे म्हणूनच तापतो तो, भैयाजी."

"अजी, एका दिवसाची तर गोष्ट आहे. पेपरात फोटो येईल, त्यात हा तव्यासारखा दिसन. पेंटरले बोलावलं आहे. चांदी रंग मारू, ट्रंकेले मारते तसा. चमकला पाहिजे नं!"

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. पण त्या वर्षी सरांची नोकरी कायम व्हायची होती, आणि त्या कागदावर भैयाजींचीही सही लागत होती. "बरं," सर म्हणाले, "नंतर परत काळा करू."

पेंटरने काच उतरवली आणि माझ्या अंगावर चांदी फासली. मित्रांनो, चांदी रंग ऊन पीत नाही, परत फेकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माझं पाणी एकेचाळीस अंशांवर अडून बसलं. मे महिन्यात नागपूरच्या नळालाही तेवढं गरम पाणी येतं. भैयाजींनी थर्मामीटर पाहिला, क्षणभर विचार केला आणि कँटीनच्या शेगडीवरचं उकळतं पातेलं माझ्या टाकीत ओतवून घेतलं. ते पोटात घेताना मला कसं वाटलं ते विचारू नका. उष्टं खाल्ल्यासारखं वाटलं.

पाहुण्यांनी बोट बुडवलं. "वा! सूर्यदेवाची कमाल आहे!" टाळ्या पडल्या. मग ते सरांकडे वळले. "प्रोफेसर, काही अडचण?"

सरांचे ओठ हलले. मी श्वास रोखला, बंबाला श्वास असतो तेवढा.

"नाही साहेब," सर म्हणाले.

त्या दिवशीचा माझा हिशेब असा: हार सात, नारळ तीन, चहा साठ कप, फोटो अकरा, उन्हाने तापलेलं पाणी शून्य.

माझ्या पेटीवर 'मान्य नमुना' अशी पितळी पट्टी ठोकली गेली, म्हणजे आता रंगही बदलायचा नाही. कारखान्याने माझी मापं घेतली आणि रंगसुद्धा हुबेहूब घेतला. चाळीस बंब तयार होऊन आळीत पोचले, चाळीसही चांदीचे, आणि मलाही जिजाबाईंच्या अंगणात परत पाठवलं. आळीत कोमट पाण्याचा बोभाटा झाला. बाया दारात येऊन जिजाबाईंना ऐकवू लागल्या, "तुह्या शब्दावर चूल मोडली वं बाई, आता काय उन्हात फुंकू?" जिजाबाई चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "तू पयले काळा होता नं रे?" काच उतरवून त्यांनी विटेच्या तुकड्याने माझी चांदी खरवडली, जवसाच्या तेलात काजळी खलली आणि फडक्याने माझ्या अंगाला चोपडली. तो रंग ओबडधोबड होता, वासही घाण होता. पण तिसऱ्या दिवशी मी पुन्हा चटका देऊ लागलो. आळीतल्या बाया वाट्या घेऊन काजळी मागायला आल्या.

ही बातमी समितीला लागली आणि भैयाजी सरांना घेऊन जीपने आले. "नमुन्यात बदल केला! आता हमी रद्द. नमुना जमा करा."

"सर, तुमीच सांगा यायले," जिजाबाई म्हणाल्या. "काळं पाहिजे का पांढरं?"

सरांनी टाकीत बोट घातलं, झटक्यात काढलं आणि त्यावर फुंकर मारली. मग खाली पाहत म्हणाले, "नियम आहे, बाई. न्यावा लागेल."

"बोटाले फुंकर माराले तोंड आहे तुमच्याजवळ," जिजाबाई म्हणाल्या, "खरं बोलाले नाही?"

सरांनी कागदावर सही केली. भैयाजींचा मला राग येतो. पण त्यांना ऊन कळत नव्हतं. सरांना कळत होतं. म्हणून किळस त्यांची येते.

समितीच्या अहवालात लिहिलं गेलं: ग्रामीण कारागीर नवे तंत्र स्वीकारत नाहीत. उमरेडचे काळे केलेले बंब मात्र काचा फुटेपर्यंत चालले. नव्या काचा बसवायला, नवे बंब करायला कारखाना पुढे आला नाही, कारण कागदावर आम्ही नापास होतो. जिजाबाईंनी पुन्हा भट्टी बांधली, असं ऐकतो. खोकला तर असेलच.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी शास्त्रज्ञ होईल, कुणी समितीवर बसेल. वस्तूवर माया करायची तर तिला हार घालू नका. ती कशाने चालते ते शिका आणि कुणी ते बिघडवू लागलं तर मोठ्याने सांगा. माझी काच तडकली आहे, नळ्या शाबूत आहेत. मला बाहेर काढा, काच बदला, दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. दुपारपर्यंत दोन हंडे कढत पाणी देईन. ते कुणाच्या दारी नेऊन द्यायचं, तेवढं तुम्ही बघा.