काल दिवसभर काय केलं

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी प्रेमिला रामटेकेला कळलं, की सरकारच्या लेखी तिची माय काम करत नाही.

चौसष्ट सालची गोष्ट. नागपुरात आकडेवारीचं जे सरकारी कार्यालय होतं, तिथं ती सहायक होती. छप्पन साली दीक्षा घेऊन सगळं घर छोट्या रेल्वेनं भिवापूरला परतत होतं, तेव्हा गाडीतच बापानं ठरवलं होतं, पोरगी शिकेल तितकी शिकवायची. तो राहिला नाही, पण पोरगी गणितात पहिली आली आणि या कार्यालयात लागली. पाहणीचे कागद तपासता तपासता एक दिवस तिचंच घर समोर आलं. बायजाबाई, वय पंचेचाळीस, काम करत नाही. ज्या मुलानं माहिती आणली होती त्याला तिनं विचारलं. तो म्हणाला, मी नीट विचारलं, काम करता का म्हणून. बाई म्हणाल्या, नाही गा, घरीच आहो मी.

प्रेमिला संचालकांकडे गेली. कृष्णकांत देशकर हे नागपूरच्याच महाल भागातले शांत गृहस्थ. त्यांनी तिला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "प्रश्न वरून ठरून येतो, बाई. आपण फक्त विचारायचा."

मग वर्षं सरली. कशी सरली, ते तिला पुढे नीट आठवायचं नाही. दुष्काळाची पाहणी, कापसाचे अंदाज, एकेक पायरी वर चढणं. लग्नाचं राहूनच गेलं. नरखेडकडे दौरा असला की माघात संत्र्याच्या फुलांचा वास जीपमध्ये शिरायचा आणि तिला पेंग यायची. अर्धवट झोपेत तिला पांढऱ्या रानात वाकलेल्या बाया दिसायच्या, कुठं विहिरीवर, कुठं बांधावर, धुक्यातून यायच्या आणि धुक्यात विरून जायच्या. डोळे उघडून पाहावं तर त्या खरोखरच कापूस वेचत असायच्या. मांडीवरच्या कागदात मात्र त्या नसायच्या.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात ती संचालक झाली. हार झाले, पेढे झाले. खोली मोठी होती आणि खिडकीतल्या कडुनिंबाची सावली दिवसभर टेबलावर हलत राहायची. महिनाभरानं रजा काढून ती भिवापूरला गेली.

अंगणात मिरच्या वाळत होत्या. सारं अंगण लाल, आणि त्यातून एक झणका उठून घशाशी बसत होता. माय देठ खुडत बसली होती. प्रेमिलाही तिच्यासमोर बसली आणि देठ खुडू लागली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माय, तू काही काम करतं का वं?"

माय हसली. "आता का काम होते माह्याच्यानं. घरीच असतो."

"बरं. काल दिवसभर का केलं, तेवढं सांग."

माय आठवू लागली. उजाडायच्या आधी सडा टाकला. पाणी आणलं. शेळीची धार काढली. भाकरी बांधून तोड्याला गेली, ऊन डोक्यावर येईस्तोवर मिरच्या तोडल्या, बोटं जळजळली म्हणून त्यांना ताक चोळलं. येताना जळण वेचलं. शेजारच्या बाळंतिणीचं लेकरू न्हाऊ घातलं. ती एका सुरात सांगत होती, मध्येच मागे जात होती, विसरलेलं एखादं काम उचलून पुन्हा जागेवर ठेवत होती. लहानपणी कहाणी ऐकताना व्हायचे तसे प्रेमिलाचे डोळे मिटू लागले. कालचा दिवस तिच्यासमोर पसरत चालला होता, अंगण ओलांडून, रान ओलांडून, आणि त्याचा काठ कुठं दिसत नव्हता. उन्हं कलली तरी माय जेमतेम दिवेलागणीपर्यंत पोहोचली होती.

मग ती थांबली. हातातल्या मिरचीकडे बघत म्हणाली, "येवढा मोठा दिवस होता का वं कालचा?"

नागपूरला परतल्यावर प्रेमिलानं जिल्ह्याच्या पाहणीत जुन्या प्रश्नाखाली हा नवा प्रश्न घातला, काल दिवसभर काय केलं. माहिती आणणारी मुलं कुरकुरली, बाया सांगायच्या थांबतच नाहीत म्हणाली. पण वर्षअखेर नव्या प्रश्नाचे आकडे जुळवले, तेव्हा काम करणाऱ्या बायांची संख्या कुठल्या कुठं गेली होती. मुंबईहून बोलावणं आलं. एवढ्या बायका एका वर्षात आल्या कुठून, असं एका मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं. प्रेमिलानं सांगितलं, की त्या आधीही होत्याच. दिवसभर चर्चा चालली. अखेर मुख्य अहवालात जुन्याच प्रश्नाचा आकडा गेला आणि तिचा आकडा बारीक अक्षरात शेवटच्या पानांवर छापायचं ठरलं. नवा प्रश्न नागपूर जिल्ह्यापुरता चालू ठेवायला मात्र परवानगी मिळाली. तिला वाईट वाटलं. पण मिळालं तेवढं घेऊन ती परत आली. पुढची बढती तिला मिळाली नाही.

उन्हाळ्यात ती भिवापूरला गेली आणि मायला म्हणाली, आता सरकारच्या पुस्तकात तुझं काम लिहिलं गेलं. मायनं ऐकून घेतलं.

"मंग सुट्टी बी लिहिली असंल," ती म्हणाली. "सुट्टी कवा हाये माही?"

प्रेमिला हसता हसता थांबली. तिनं मायच्या हातातलं सूप काढून भिंतीशी ठेवलं आणि पडवीत बाज टाकली. माय नाही नाही म्हणत आडवी झाली. प्रेमिलाही शेजारी लवंडली. बाहेर शेळी ओरडली, तशी माय उठू लागली. प्रेमिलानं तिचा हात धरून ठेवला. थोड्या वेळानं तो हात सैल पडला, आणि मायचा श्वास ऐकता ऐकता तिलाही झोप लागली.