बुजवलेलं भोक

"पडला एकदाचा प्रकाश गाढवांच्या डोक्यात!" कुलूपकाका खुर्चीतून ओरडले, तशा आजूबाजूच्या माना वर झाल्या.

ऑफिसात त्यांना हेच नाव पडलं होतं. गुप्त माहितीला कुलूप घालणारा एक मोफत प्रोग्राम जगभरची हौशी मंडळी मिळून सांभाळत. निम्मं जग तोच वापरी. कंपनीने फार पूर्वी त्याची एक प्रत घेऊन आपल्या जुनाट यंत्रांसाठी बदलून ठेवली होती. बाहेर काही दुरुस्ती झाली की ती हाताने आतल्या प्रतीत बसवायची, हे काकांचं काम. म्हणजे जन्मभर दुसऱ्याचं आयतं घ्यायचं आणि वर त्यालाच नावं ठेवायची. त्यात काकांचा हात कोणी धरला नसता.

आज बाहेरच्यांनी कळवलं होतं की कुलपात भोक सापडलंय, चोऱ्याही झाल्यात, ताबडतोब दुरुस्ती बसवा.

"आपल्याला धोका?" मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला.

"छे हो! मला ते कधीच दिसलं होतं. आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीच बुजवून टाकलंय."

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. तेवढंच त्याला नीट जमे. शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने मात्र विचारलं, "मग काका, तेव्हाच त्यांना का नाही कळवलंत?"

"त्या फुकट्यांना? मागे एकदा मी पाठवलेल्या दुरुस्तीत चुका काढल्या होत्या लेकांनी. म्हटलं, बसा आता बोंबलत!"

"पण आपण तर कायम त्यांचंच घेतो."

"कळेल हळूहळू," काका म्हणाले आणि दिवसभर शीळ घालत राहिले. मेला तो माज!

घरी आले तर बायको चपलाही न काढता खुर्चीत बसलेली. ती इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. किती जणांची दुखणी तिच्या पोटात होती. नवऱ्यालाही तिने कधी एक नाव सांगितलं नव्हतं.

"अहो, आमच्या सगळ्या नोंदी चोरीला गेल्या. आज कोणी मेल्याने नेटवर टाकल्या. ती शिक्षिका, जिने सासरी आजार लपवला होता... खिडकीशी आली. 'ताई, तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?' म्हणाली. आणि थुंकली हो माझ्यावर. सगळ्यांसमोर."

काकांनी बॅग खाली ठेवली.

"आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, कुठल्याशा मोफत कुलपात भोक होतं. तुम्ही त्याच कामातले ना? एवढ्या जगात एकालाही आधी दिसलं नसेल?"

काका बूट काढायला वाकले. "दिसलं असेल एखाद्याला."

"आणि गप्प बसला?" तिने डोळे पुसले. "काय नीच माणूस असेल!"

सकाळी केवढी जीभ चालत होती. आता 'मीच तो' एवढंसुद्धा त्या जिभेवरून निघेना. त्यांनी नुसती मान हलवली.

ती उठली. मोरीत जाऊन बाही चोळचोळून धुतली. मग ओल्या बाहीनेच चहा टाकला आणि रोजच्यासारखा पहिला कप त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो घेतला.