मुंगीच्या रेघा

टक्! घरंगळत गेलेली पेन्सिल भिंतीला आपटली. इंजिनिअरबाईंनी ती फरशीच्या मधोमध नुसती ठेवली होती, ढकललीही नव्हती.

"भिंतीखालची ही फट कुणी बुजवली?" गुडघे टेकून बसत त्यांनी विचारलं.

"मीच," नवरा म्हणाला. "दोनदा. दारुड्यासारखी सिमेंट ढोसते हो मॅडम ही फट."

बाई हसल्या नाहीत. "कधीपासून खचतंय, काही नोंद?"

नोंद कसली असणार! बायकोनं नकारार्थी मान हलवली. पण बाई दाराशेजारच्या भिंतीवरच्या रेघांकडे बघत होत्या. लेकीच्या उंचीच्या रेघा. दर वाढदिवसाला तिच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरून हिनं, तिच्या आईनं, ओढलेल्या. तिसऱ्या वाढदिवसाच्या रेघेपाशी तेवढा आकडा होता, चौऱ्याण्णव सेंटिमीटर. पुढे दरवेळी टेप कोण शोधत बसतं?

पाचवी रेघ चौथीच्या जेमतेम दोन बोटं वर. त्या दोन बोटांनी हिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पोरीला 'मुंगी' नाव पडलं ते तेव्हाच. डॉक्टर म्हणाले, उंची वयाला धरून आहे. पण हिचा विश्वास आपल्या रेघेवर. "गिळ गं बाई, लोकांची पोरं बघ कशी ताडमाड झालीत," म्हणत घासामागून घास कोंबले. एकदा पोरीनं सगळं ओकून टाकलं, तर वर धपाटा घातला.

बाईंनी फरशीपासून चौऱ्याण्णवच्या रेघेपर्यंत टेप धरली. पुन्हा एकदा धरली.

"अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे?"

"भिंत जागेवर आहे. फरशी चार सेंटिमीटर खाली गेलीय. तीही चौथ्या वाढदिवसानंतर. वरच्या रेघा तेच सांगतात; पाचवीच्या वेळी पोरगी खचलेल्या फरशीवर उभी होती, म्हणून ती रेघ खाली आली."

म्हणजे मुंगी वाढतच होती. हिला एकदम भिंतीचा आधार घ्यावासा वाटला. हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

"दुरुस्त होईल ना?" नवऱ्यानं विचारलं.

"खालचा सांडपाण्याचा पाइप फुटलेला दिसतोय, माती वाहून गेलीय. फरशीला भोकं पाडून सिमेंट भरता येईल. पण पोकळी भिंतीच्या पायाखाली पोचली असेल, तर घर पाडावंच लागेल. भोकं पाडल्याशिवाय कळणार नाही. तोवर इथे राहू नका. आजच निघा."

नवरा माळ्यावरून पिशव्या काढू लागला.

ही पिशवीत पोरीचे कपडे कोंबू लागली. पहिला फ्रॉक, दुसरा फ्रॉक. दोन्ही आखूड झालेले. कसे दिसले नाहीत आपल्याला?

मुंगी रेघांना पाठ लावून ताठ उभी होती. मोठ्यांचं बोलणं तिनं कान टवकारून ऐकलं होतं.

"आई, मी वाढत होते ना?"

"हो गं, राणी."

"मग मला मारलंस कशाला?"